अलोकप्रिय मोटारीची किंमत : घसारा आणि बाजार

मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यातील खरेदीत घराच्या खालोखाल मोठी वस्तू म्हणजे मोटारगाडी होय. घराची किंमत कालांतराने वाढेल अशी आशा तरी बाळगता येते. मोटारीची किंमत मात्र ती विक्रेत्याच्या दारातून बाहेर पडल्या क्षणापासून उतरू लागते. हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु ही उतरण सर्व मोटारींच्या बाबतीत सारखी नसते, ह्या गोष्टीकडे खरेदीच्या वेळी फारसे लक्ष दिले जात नाही. एकाच वर्षी, जवळजवळ एकाच किमतीस घेतलेल्या, सारख्याच चाललेल्या आणि सारख्याच निगेने ठेवलेल्या दोन गाड्या पाच वर्षांनी बाजारात आणल्या असता एकीस निम्म्याहून अधिक किंमत येते आणि दुसरीस तिसरा हिस्साही येत नाही, असे अनेकदा घडते. दुसरी गाडी सदोष असतेच असे नाही. ती लोकांच्या पसंतीस उतरलेली नसते, एवढाच तिचा दोष. हा फरक कोठून उत्पन्न होतो, तो कोण सोसतो आणि त्याचा लाभ कोणास मिळतो, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

घसाऱ्याचे तीन हिशेब

‘घसारा’ ह्या शब्दाचे नाते घासण्याशी आहे. वस्तू वापरल्याने झिजते व झिजल्याने तिची किंमत कमी होते, ही कल्पना त्या शब्दातच दडलेली आहे. हिशेबनिसाचा घसारा ह्याच कल्पनेवर उभा आहे. १९६२ च्या आयकर नियमांनुसार व्यवसायात वापरल्या जाणाऱ्या साध्या मोटारीवर उरलेल्या मूल्याच्या १५ टक्के इतका वार्षिक घसारा धरण्याची पद्धत रूढ झाली. ह्या दराने १०० रुपयांची गाडी पाच वर्षांनी सुमारे ४४ रुपयांची उरते. गाडी कोणत्या कंपनीची, तिला गिऱ्हाईक किती, ह्याच्याशी ह्या हिशेबास कर्तव्य नाही.

दुसरा हिशेब विमा कंपनीचा. गाडी चोरीस गेली अथवा पूर्णपणे नष्ट झाली तर किती रक्कम द्यावयाची, हे आधी ठरवावे लागते. २००२ च्या भारतीय मोटार विमा दरपत्रकात त्यासाठी एक कोष्टक दिले आहे. गाडी सहा महिन्यांच्या आत असेल तर उत्पादकाच्या चालू विक्री-किमतीतून ५ टक्के वजा करावयाचे. वर्षाच्या आत १५ टक्के, दोन वर्षांच्या आत २० टक्के, तीन वर्षांच्या आत ३० टक्के, चार वर्षांच्या आत ४० टक्के आणि पाच वर्षांच्या आत ५० टक्के. हे कोष्टकही सर्व गाड्यांस एकच आहे. परंतु त्यात एक लक्षणीय अपवाद आढळतो. पाच वर्षांहून जुन्या गाड्या आणि ज्यांचे उत्पादन बंद झाले आहे अशा गाड्या, ह्यांची किंमत कोष्टकाने न ठरविता विमा कंपनी व मालक ह्यांनी परस्परांच्या संमतीने ठरवावी, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे उत्पादन थांबले की गाडीची किंमत केवळ वयावरून सांगता येत नाही, ही गोष्ट दरपत्रकाने मान्य केली आहे.

तिसरा हिशेब बाजाराचा. त्यास कोष्टक नाही. गाडीची झीज हा त्यातील एक घटक आहे, परंतु पुष्कळदा तो मुख्य घटक नसतो. पहिल्या दोन हिशेबांत गाडीकडे पाहिले जाते. तिसऱ्यात गाडीकडे पाहणाऱ्या लोकांची गणती होते. ती गाडी घेण्यास उद्या किती जण तयार असतील, परवा त्यांच्याकडून ती कोण घेईल, असा हा विचार असतो. अलोकप्रिय मोटारीची दुःस्थिती समजून घ्यावयाची असेल तर हा फरक प्रथम मनात ठसला पाहिजे.

एकाच नावाचे दोन काळ

ह्या विधानाची सत्यता पडताळण्यास महाराष्ट्रातच एक उत्तम उदाहरण सापडते. वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्स ह्या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात इटलीतील फियाट कंपनीच्या परवान्याने मोटारी तयार होत. हीच गाडी पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ ह्या नावाने ओळखली गेली आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने सर्वांच्या परिचयाची झाली. नियंत्रित अर्थव्यवस्थेच्या त्या काळात नवी मोटार मिळण्यास वर्षानुवर्षे थांबावे लागे. साहजिकच हाती असलेल्या जुन्या गाडीस मोठी मागणी असे, आणि थोडीशी वापरलेली गाडी नव्या गाडीच्या ठरीव किमतीहून अधिक किमतीस विकली जाण्याचे प्रकारही घडत. यंत्र झिजत होतेच; किंमत मात्र उतरत नव्हती. झीज आणि किंमत ह्यांची फारकत होऊ शकते, ह्याचा ह्याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० बाजारात आली आणि १९९३ मध्ये मोटार-उत्पादनावरील परवाना-बंधन उठले. त्यानंतर गिऱ्हाइकास निवड करता येऊ लागली. निवड आली तेव्हा नावडही आली. फियाटचेच नाव धारण करणाऱ्या पुढील गाड्यांना हा नवा अनुभव घ्यावा लागला.

२००९ साली फियाटने पुणे जिल्ह्यातील रांजणगावच्या कारखान्यात तयार झालेल्या लिनिया व पुंटो ह्या दोन गाड्या बाजारात आणल्या. त्यांच्या डिझेल प्रकारांत १२४८ घनसेंटिमीटर क्षमतेचे, चार सिलिंडरांचे जे एंजिन होते, ते फियाटचेच मूळ संशोधन होते. हेच एंजिन फियाटच्या परवान्याने हरियाणातील मानेसर येथे बनवून मारुतीने २००७ पासून आपल्या स्विफ्ट गाडीत बसविले होते. टाटांच्या इंडिका व्हिस्टामध्येही ते होते. जवळजवळ एकाच जातीचे एंजिन निरनिराळ्या अंगांत धडधडत होते असे म्हणावयास हरकत नाही. पुंटोची बांधणी भक्कम असून तिचे चालणे स्थिर आहे, असे तिच्या टीकाकारांनीही मान्य केले. असे असता जुन्या गाड्यांच्या बाजारात डिझेल स्विफ्टला तत्काळ गिऱ्हाईक मिळे आणि पुंटो वा लिनिया विकू पाहणाऱ्या मालकास दलालाकडून थंड उत्तर मिळे.

मोटारीचे हृदय तेच असता किंमत इतकी निराळी का, ह्या प्रश्नाचे उत्तर हृदयात शोधून सापडणार नाही. फियाटच्या गाड्यांची विक्री व देखभाल प्रथम टाटांच्या विक्रीकेंद्रांतून होई. ती वेगळी करण्याचा निर्णय २०१२ मध्ये झाला. म्हणजे मालकास ज्या दाराशी जावयाचे ते दारच मध्येच बदलले. १ एप्रिल २०२० पासून भारत-६ ही प्रदूषण-मानके लागू झाली, तत्पूर्वीच ह्या दोन्ही गाड्यांचे उत्पादन थांबलेले होते. मारुतीनेही त्याच सुमारास हे डिझेल एंजिन सोडून दिले. तथापि त्यामुळे स्विफ्टवरील लोकांचा विश्वास उडाला नाही, कारण तो विश्वास एंजिनावर नव्हे, तर गावोगावच्या गॅरेजांवर व हजारो मालकांच्या अनुभवावर उभा होता.

विरळ बाजाराचा दंड

अर्थशास्त्रात ज्या बाजारात खरेदीदार व विक्रेते मुबलक असतात त्यास आपण दाट बाजार म्हणू, आणि जेथे ते तुरळक असतात त्यास विरळ बाजार म्हणू. दाट बाजारात वस्तूची किंमत सर्वांस ठाऊक असते, कारण कालच तशाच दहा वस्तू विकल्या गेलेल्या असतात. विरळ बाजारात प्रत्येक सौद्यास किंमत नव्याने शोधावी लागते, आणि शोधाचा खर्च अखेर विक्रेत्याच्या माथी बसतो.

जुन्या गाड्यांचा व्यापारी हा हिशेब कसा करतो, हे एका काल्पनिक उदाहरणाने दाखविता येईल. समजा, त्याच्यापुढे दोन गाड्या आल्या आहेत आणि योग्य गिऱ्हाईक भेटल्यास दोन्ही ४ लाख रुपयांस जातील असा त्याचा अंदाज आहे. लोकप्रिय गाडी २० दिवसांत जाईल. अलोकप्रिय गाडीस ४ महिने लागतील. गाडीत अडकणारे भांडवल साडेतीन लाख धरले व त्यावर दरमहा दीड टक्का खर्च धरला तर महिन्यास ५,२५० रुपये होतात. जागेचे भाडे, धुणे-पुसणे, बॅटरी सांभाळणे ह्यांसाठी आणखी २,००० रुपये धरू. लोकप्रिय गाडी सांभाळण्याचा खर्च सुमारे ५ हजार येईल, तर दुसरीचा २९ हजार. हा २४ हजारांचा फरक झाला. शिवाय चार महिने थांबूनही गिऱ्हाईक न आल्यास किंमत उतरवावी लागेल, ह्या धोक्यापोटी व्यापारी आणखी ४० हजार आधीच कापून घेईल. अशा रीतीने सुमारे ६४ हजार रुपयांनी दुसऱ्या गाडीस कमी किंमत सांगितली जाते. गाडी मात्र तसूभरही कमी नसते. ह्यात व्यापाऱ्याची लबाडी आहे असेही नव्हे. तो आपला कालावधी व धोका ह्यांची किंमत मागत असतो.

विरळपणाचे दुसरे अंग दुरुस्तीचे आहे. जी गाडी रस्त्यावर फार दिसते तिचे सुटे भाग तालुक्याच्या दुकानातही मिळतात, मूळ कंपनीखेरीज इतर कारखानेही ते बनवितात, आणि कुर्ल्यासारख्या ठिकाणच्या जुन्या भागांच्या बाजारात ते स्वस्तात सापडतात. मिस्त्रीचा हातही त्याच गाड्यांवर बसलेला असतो. जी गाडी क्वचित दिसते तिचा एखादा आरसा किंवा दिवा फुटला तरी तो मागवून घ्यावा लागतो, आणि तोपर्यंत गाडी उभी राहते. मिस्त्री अशा गाडीस हात लावण्यास कचरतो व आपल्या गिऱ्हाइकास ती न घेण्याचा सल्ला देतो. आपल्याकडे जुनी गाडी घेताना मिस्त्रीचा शब्द हाच बहुधा अखेरचा शब्द असतो, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या सल्ल्याचे वजन ध्यानात येईल.

अज्ञानाची किंमत

जुन्या मोटारींच्या बाजारावरील सर्वांत प्रसिद्ध लेख अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ ह्यांचा आहे. तो १९७० साली ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अमेरिकन बोलीत सदोष मोटारीस ‘लिंबू’ म्हणतात. लेखाच्या नावातही हाच शब्द आहे. २००१ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ ह्यांच्यासमवेत अकरलॉफ ह्यांना मिळाले, त्यात ह्या लेखातील विचाराचा मोठा वाटा होता. भारतीय वाचकास विशेष वाटावे ते असे की, माहितीची ही विषमता कर्जाच्या बाजारात काय करते हे दाखविण्यासाठी त्याच लेखात भारतातील सावकारीचे उदाहरण घेतलेले आहे.

अकरलॉफ ह्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे. आपली गाडी चांगली की वाईट हे विकणाऱ्यास ठाऊक असते, घेणाऱ्यास नसते. म्हणून घेणारा सरासरी गाडीची किंमत देऊ करतो. ती किंमत चांगल्या गाडीच्या मालकास परवडत नाही, म्हणून तो गाडी विकतच नाही. बाजारात उरलेल्या गाड्यांची सरासरी त्यामुळे आणखी खालावते, घेणारा आणखी कमी किंमत देतो, आणि हा क्रम पुढे चालू राहतो. विक्रेता खोटे बोलत नसला तरी त्याच्या सत्यास किंमत येत नाही, कारण ते सत्य तपासण्याचे साधन घेणाऱ्यापाशी नसते.

लोकप्रिय गाडीच्या बाबतीत ह्या अज्ञानावर काही उपाय आपोआप झालेला असतो. तिचे नेहमीचे दोष सर्वश्रुत असतात. अमुक हजार किलोमीटरनंतर क्लच बदलावा लागतो, तमुक वर्षाच्या गाडीचे स्टीअरिंग आवाज करते, असे मिस्त्री डोळे मिटून सांगतो. जो दोष ठाऊक आहे त्याची किंमत करता येते. अलोकप्रिय गाडीचे दोष कमी असतील, परंतु ते कोणास नीट ठाऊक नसतात, आणि अज्ञात दोषाची किंमत गिऱ्हाईक नेहमी फुगवूनच धरते. ‘इतकी चांगली आहे तर विकता कशाला?’ हा प्रश्न प्रत्येक जुन्या गाडीच्या मालकास विचारला जातो; परंतु अलोकप्रिय गाडीच्या मालकाने दिलेल्या उत्तरावर विश्वास बसणे अधिक कठीण असते.

ह्याहूनही सूक्ष्म असा एक भाग आहे. गाडी घेणारा केवळ वापरासाठी ती घेत नाही. आपणासही ती कधीतरी विकावी लागेल हे तो जाणतो. त्यामुळे स्वतःस ती गाडी मनापासून आवडली असली तरी इतरांस ती आवडणार नाही, ह्या समजुतीने तो कमी किंमत देतो. इतरही तसाच विचार करीत असतात. प्रत्येकाची नापसंती दुसऱ्याच्या नापसंतीच्या तर्कावर उभी असते, आणि किंमत खरोखरीच पडल्याने तो तर्क खरा ठरतो. एकदा हे वळण पडले की त्यातून गाडीस बाहेर काढणे उत्पादकासही जड जाते.

सवलत आणि प्रस्थान

नवी गाडी खपत नाही असे दिसताच विक्रेता सवलत देऊ लागतो. ही सवलत नव्या गिऱ्हाइकाच्या दृष्टीने लाभाची असते. परंतु तिचा घाव जुन्या मालकावर बसतो. नवी गाडी ज्या किमतीस मिळते तिच्याहून जुनी गाडी स्वस्त असलीच पाहिजे; म्हणून नवीची किंमत एक लाखाने उतरली की जुन्या सर्व गाड्यांची कमाल मर्यादा खाली येते. करातील बदलाचाही असाच परिणाम होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कराचा दर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरील उपकरही गेला, तेव्हा जुन्या लहान गाड्यांच्या किमतींस नव्याशी जुळवून घेणे भाग पडले. परंतु कर सर्व कंपन्यांस सारखा असतो. एकट्या गाडीवर पडणारी सवलत ही त्या गाडीच्या नावडीची जाहीर कबुलीच असते, आणि गिऱ्हाईक तिचा अर्थ तसाच लावते.

ह्या क्रमाचे अखेरचे टोक म्हणजे उत्पादकाने बाजार सोडून जाणे. मे २०१७ मध्ये जनरल मोटर्सने भारतात शेवरले गाड्यांची विक्री त्या वर्षाअखेर बंद करण्याचे जाहीर केले. पुण्याजवळील तळेगावचा कारखाना २००८ साली सुरू झाला होता. तो निर्यातीसाठी डिसेंबर २०२० पर्यंत चालला आणि पुढे ह्युंदाई कंपनीकडे गेला. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्ड कंपनीनेही भारतातील मोटार-उत्पादन थांबविण्याचा निर्णय जाहीर केला. त्याही पूर्वी, १९९० नंतरच्या दशकात, कल्याणच्या कारखान्यात तयार होणाऱ्या प्यूजो ३०९ ह्या गाडीच्या मालकांस अल्पावधीतच उत्पादकाविना राहण्याचा प्रसंग आला होता.

निघून जाणारी कंपनी सुटे भाग व देखभाल चालू ठेवण्याचे आश्वासन देत असते. आश्वासन पाळले गेले तरी किंमत पडावयाची ती पडतेच. कारण जुन्या गाडीची किंमत म्हणजे तिच्यापासून पुढे मिळणाऱ्या सेवेचे आजचे मूल्य होय, आणि त्या सेवेची निश्चिती एका वृत्ताने ढासळते. आदल्या दिवशी जी गाडी होती तीच दुसऱ्या दिवशीही असते. तिच्या भविष्याविषयीचा विश्वास मात्र कमी झालेला असतो. फोर्डच्या गाड्यांस भारतात चाहते कमी नव्हते. म्हणजे अलोकप्रियता ही दोन प्रकारची असते. एक प्रथमपासूनची, व दुसरी उत्पादकाच्या प्रस्थानाने लादली जाणारी. मालकाच्या खिशास दोहोंची झळ सारखीच लागते.

कुटुंबाचा हिशेब

आता हा सर्व विचार एका कुटुंबाच्या हिशेबात मांडून पाहू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. समजा, दोन कुटुंबांनी प्रत्येकी ८ लाखांची गाडी घेतली. पैकी ६ लाख ४० हजार रुपये १० टक्के व्याजाने ७ वर्षांच्या मुदतीचे कर्ज आहे. मासिक हप्ता सुमारे १०,६२५ रुपये बसतो. तीन वर्षांनी, ३६ हप्ते भरून झाल्यावर, सुमारे ४ लाख १९ हजार रुपये मुद्दल शिल्लक राहते.

लोकप्रिय गाडीची किंमत ह्या वेळी ५ लाख ५८ हजार आहे असे धरू. ती विकून कर्ज फेडले तर त्या कुटुंबाच्या हाती १ लाख ३९ हजार उरतात. अलोकप्रिय गाडीस ३ लाख ६० हजारच येतात. ती विकल्यावर कर्ज फिटत नाही. वर ५९ हजार घालावे लागतात, तेव्हा कोठे वित्तसंस्था गाडीवरील आपला हक्क सोडते आणि गाडी दुसऱ्याच्या नावे होऊ शकते. बदली, आजार किंवा नोकरी जाणे ह्या कारणांनी गाडी विकण्याची पाळी येते, तेव्हा नेमके हेच ५९ हजार हाती नसतात. मग गाडी ठेवावी तर हप्ता जड, विकावी तर भरणा जड, अशी कोंडी होते.

हाच हिशेब निरनिराळ्या कालावधींसाठी करून पाहिला असता एक महत्त्वाची गोष्ट दिसून येते. तीन वर्षांनी विकल्यास लोकप्रिय गाडीचे मूल्य वर्षाकाठी सुमारे ८१ हजारांनी घटलेले असते, अलोकप्रियचे सुमारे १ लाख ४७ हजारांनी. म्हणजे नावडीचा दंड वर्षाला ६६ हजार. पाच वर्षांनी पहिलीस ४ लाख ४० हजार व दुसरीस २ लाख ४० हजार येतात असे धरले तर वार्षिक घट अनुक्रमे ७२ हजार व १ लाख १२ हजार होते. दंड ४० हजारांवर येतो. दोन्ही गाड्या बारा वर्षे वापरून पहिली १ लाखास व दुसरी ४० हजारांस विकली तर वार्षिक घट सुमारे ५८ हजार व ६३ हजार होते. दंड उरतो तो केवळ ५ हजार. गाडी जितकी अधिक काळ ठेवावी तितकी लोकांची नावड आपल्या हिशेबातून नाहीशी होत जाते. अखेरीस दोन्ही गाड्या भंगाराच्या भावाकडेच जातात, आणि भंगाराच्या तराजूस लोकप्रियता कळत नाही.

नुकसान कोणाचे, लाभ कोणाचा

पहिला मालक जे गमावतो ते सर्वच हवेत विरून जात नाही. त्यातील मोठा भाग दुसऱ्या मालकाच्या पदरी पडतो. वरील उदाहरणात पाच वर्षांची अलोकप्रिय गाडी २ लाख ४० हजारांस घेऊन सात वर्षांनी ४० हजारांस टाकणाऱ्याची वार्षिक घट सुमारे २८,६०० रुपये होते. लोकप्रिय गाडी ४ लाख ४० हजारांस घेऊन तितक्याच काळाने १ लाखास विकणाऱ्याची ती सुमारे ४८,६०० होते. म्हणजे अलोकप्रिय गाडीच्या दुरुस्तीस व सुट्या भागांस दरसाल २० हजारांपर्यंत अधिक खर्च आला तरी दुसऱ्या मालकाचे नुकसान नाही. त्याहून अधिक आला तर मात्र स्वस्त म्हणून घेतलेली गाडी महाग पडली असे समजावे.

ह्यावरून घेणाऱ्याने काय पाहावे हेही स्पष्ट होते. त्या गाडीचे एंजिन व इतर मुख्य भाग दुसऱ्या एखाद्या प्रचलित गाडीशी समान आहेत काय? पुंटोच्या एंजिनाचे काम जाणणारे मिस्त्री स्विफ्टमुळे सर्वत्र तयार झाले होते, हा त्या गाडीच्या दुसऱ्या मालकांचा मोठाच आधार होता. परंतु दरवाजे, दिवे, काचा व विजेची उपकरणे ही त्या गाडीची स्वतःची असतात. ती कोठून मिळतील? जवळच्या अंतरात ती गाडी जाणणारा एक तरी मिस्त्री आहे काय? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गाडी अखेरपर्यंत ठेवण्याचा आपला निश्चय व सोय आहे काय? ह्या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील तर अलोकप्रिय जुनी गाडी हा शहाण्याचा सौदा ठरतो. नवी अलोकप्रिय गाडी घेणाऱ्याने मात्र आरंभीच मिळालेल्या सवलतीस लाभ न मानता पुढील घसाऱ्याची आगाऊ भरपाई मानावे, कर्जाची मुदत आखूड ठेवावी, आणि ती पहिल्या पाच वर्षांत विकावी लागणार नाही अशी तजवीज करावी.

परंतु ह्या उपदेशास एक मर्यादा आहे आणि ती नजरेआड करणे योग्य होणार नाही. अलोकप्रियतेचा दंड हा वस्तुतः लवकर बाहेर पडणाऱ्यावर बसणारा कर आहे. ज्यास थांबता येते त्यास तो जवळजवळ लागतच नाही. ज्यास प्रसंगवशात् थांबता येत नाही त्यास तो पूर्णपणे भरावा लागतो. म्हणजे ज्याची अडचण मोठी त्याचा भार मोठा, असा हा उलटा न्याय आहे. बाजार सोडून जाणाऱ्या उत्पादकाने सुटे भाग किती वर्षे व कोणत्या ठिकाणी उपलब्ध ठेवावयाचे, दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांस कोणत्या अटींवर खुली करावयाची, ह्या गोष्टी केवळ आश्वासनावर न सोपविता नियमाने बांधून दिल्या, तर गाडीच्या भविष्याविषयीचा विश्वास एका दिवसात ढासळणार नाही आणि तिची किंमत झिजेच्या अधिक जवळ राहील. गिऱ्हाइकाची आवडनिवड कोणत्याही नियमाने बदलता येत नाही, आणि ती बदलण्याचे कारणही नाही. परंतु आवडनिवड आणि भय ह्या दोन निराळ्या वस्तू आहेत. अलोकप्रिय मोटारीच्या किमतीतील घट ही पुष्कळ अंशी नावडीची नसून भयाची असते, आणि भय कमी करणे हे माहितीच्या व नियमाच्या आवाक्यातील काम आहे.